गाणं थांबेपर्यंत

दवाखान्याकडून येणाऱ्या पत्रात महत्त्वाचा आकडा एकच असतो. कधी ४३, कधी ४५, कधी ४७. रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी ब्रिटनमध्ये या मापात सांगतात. ४२ ते ४७ म्हणजे मधुमेह उंबरठ्याशी आलेला आहे. ४८ला तो घरात शिरला. लेस्टरच्या बेलग्रेव्ह भागातल्या बायका ते पत्र घडी घालून पर्समध्ये ठेवतात, वर्गाला आल्या की माझ्या हातात देतात आणि म्हणतात, "बेन, बॉर्डर पर छे."

मी फिजिओथेरपिस्ट आहे. शिक्षण पुण्यात झालं, इकडे आल्यावर आधी हॉस्पिटलात नोकरी केली आणि आता वस्तीतल्या सभागृहांमध्ये काम करते. चाळिशी ते साठीच्या, भारत, पाकिस्तान, बांगलादेश किंवा पूर्व आफ्रिकेतून आलेल्या बायकांचे व्यायामगट चालवणं हे माझं काम. मधुमेह आणि हृदयविकार होण्याआधी त्यांना अडवावं, हा त्यामागचा हेतू.

लेस्टरमध्ये २०२१च्या जनगणनेनुसार ४३.४ टक्के लोक आशियाई वंशाचे आहेत. १९७२ मध्ये हुकूमशहा इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला लावलं, तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन 'आमच्याकडे येऊ नका' असं कळवलं होतं. तरी लोक आले, होजिअरीच्या आणि कपड्यांच्या कारखान्यांत राबले, आणि बेलग्रेव्ह रोडवर साड्यांची, सोन्याची, फरसाणाची दुकानं उभी राहिली. त्यांच्या मुली आज माझ्या वर्गात आहेत. त्यांच्या शेजारी उभ्या असतात त्या अलीकडे आलेल्या दीव-दमणच्या बायका. गोव्याप्रमाणे दीव-दमणही १९६१ पर्यंत पोर्तुगालकडे होतं. त्यामुळे तिथल्या आधीच्या पिढ्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज पासपोर्ट मिळतो, आणि ब्रेक्झिटआधी त्या पासपोर्टवर इंग्लंडला येता येत होतं. गोव्याची कितीतरी कुटुंबं अशीच स्विंडनला गेली. दीव-दमणची इथे आली. या बायका अन्नपदार्थांच्या पॅकिंगला जातात, शिवणकामाला जातात, गोदामात माल उचलतात. सकाळी सहा ते दोन, दोन ते दहा, रात्री दहा ते सहा, अशा पाळ्या.

त्यांना व्यायामाचं विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं: "अमे तो आखो दिवस ऊभां ज छीए." दिवसभर उभ्याच तर असतो! हे उत्तर टाळाटाळीचं नाही. पॅकिंगच्या पट्ट्यासमोर आठ तास उभं राहून पाय सुजतात, कंबर धरते, पण हृदयाचा वेग वाढून काही काळ वाढलेला राहावा असं त्या आठ तासांत काही घडत नाही. थकवा खरा असतो, दमसास मात्र वाढत नाही. हा फरक समजावून सांगताना मी कुणाच्याही कष्टांना कमी लेखत नाही, आणि त्याच कारणाने 'जरा हालचाल करा' हे शब्द मी तोंडातून काढत नाही. दिवसभर हालचाल करणाऱ्या बाईला तो अपमान वाटतो, आणि वाटायलाच हवा.

यातल्या बऱ्याच जणी दिसायला जाड नसतात. मग साखर कशी वाढली? इथे मला पुणे आठवतं. के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांची इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. पण आपल्या बाळांमध्ये जे कमी होतं ते मुख्यतः स्नायू. कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. पुढे २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी काढलेला फोटो आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वर्गातल्या भिंतीवर मी तो फोटो लावला आहे. कुठल्याही पत्रकापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो. वजनकाट्यावर 'नॉर्मल' दिसणारी बाई त्याच्यासमोर उभी राहते, आपल्या पोटाला हात लावते आणि प्रश्न विचारायला लागते. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही २०१३ पासून आशियाई लोकांसाठी बॉडी मास इंडेक्सची धोक्याची पातळी २५ ऐवजी २३ धरली आहे आणि जास्त धोक्याची ३० ऐवजी २७.५.

जेवणानंतर रक्तातली साखर उचलून साठवण्याचं मोठं काम स्नायू करतात. ज्यांच्याकडे जन्मापासून स्नायूंची पुंजी बेताची आहे, त्यांची चाळिशीनंतर ती आणखी आटते. पाळी जाण्याच्या सुमारास चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते. म्हणून माझ्या मते या वयातल्या आपल्याकडच्या बायकांसाठी नुसतं चालणं पुरेसं नाही. त्यांना दमवणारा आणि ताकद वाढवणारा, दोन्ही प्रकारचा व्यायाम हवा. ग्लासगोच्या संशोधकांनी मांडलं आहे की गोऱ्या लोकांना आठवड्याला १५० मिनिटांच्या व्यायामातून जो फायदा मिळतो, तेवढा मिळायला दक्षिण आशियाई लोकांना सव्वादोनशे मिनिटांहून अधिक लागतात. जिच्याकडे वेळ सगळ्यात कमी, तिलाच व्यायाम सगळ्यात जास्त हवा. माझ्या कामातली खरी अडचण ही आहे.

'संस्कृतीला साजेसा व्यायाम' हे शब्द आता सगळ्या प्रस्तावांमध्ये असतात. कागदावर त्याचा अर्थ बहुधा असा होतो की पत्रक गुजराती-उर्दूत छापायचं आणि हिंदी सिनेमाची गाणी लावायची. गाण्यांनी पहिल्या दिवशी गर्दी होते, यात शंका नाही. पण बाई पुढच्या आठवड्यात परत येईल की नाही, हे गाण्यावर ठरत नाही. वर्ग दुपारी तीनला आहे की सहाला, यावर ठरतं. सहा-दोनची पाळी करून येणारीला तीनची वेळ जमते. सहाला घरी स्वयंपाक असतो आणि नोव्हेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो. अंधारात बसथांब्यावर एकटीने उभं राहायला या वस्तीतल्या बायका घाबरतात. सासूबाईंना घरी एकटं ठेवता येत नसेल तर सून येत नाही, म्हणून सभागृहाच्या एका बाजूला खुर्च्यांची रांग असते. सासवा तिथे बसून हातापायांचे व्यायाम करतात, आणि त्यातल्या दोघी-तिघी सुनांपेक्षाही नियमित आहेत. नातवंडाची बाबागाडी आत आणायला परवानगी आहे. काचेच्या दारावर पडदा आहे. पुरुष कर्मचारी वर्ग चालू असताना आत येत नाहीत. या गोष्टींना मी सोयी म्हणत नाही. व्यायामाचा आराखडा इथूनच सुरू होतो. कुठला हात कधी वर न्यायचा हा प्रश्न त्यानंतरचा.

गरबा निवडला तो त्यांनीच. लेस्टरची नवरात्र भारताबाहेरच्या मोठ्या नवरात्रांमध्ये गणली जाते, आणि नऊ रात्री नाचू शकणाऱ्या बाईला 'तुला व्यायामाची सवय नाही' असं कोण म्हणेल? पण गरब्याचा व्यायाम करायचा तर तो मोजावा लागतो. व्यायामाचा जोर ओळखायची एक साधी कसोटी आहे: मध्यम जोराच्या व्यायामात बोलता येतं, पण गाता येत नाही. गरब्यात तर बायका स्वतःच गातात! सुरुवातीच्या संथ फेऱ्यांमध्ये गाणं छान जमतं, म्हणजे हृदयाला अजून काहीच काम पडलेलं नाही. आनंद भरपूर, उपचार थोडा. मग आम्ही तीन टाळीचा वेग हळूहळू वाढवतो. वाकून टाळी, मग गिरकी, मग दोन पावलं मागे. एका टप्प्यावर आवाज तुटायला लागतात. आधी वरच्या पट्टीतल्या जणी गळतात, मग बाकीच्या, आणि शेवटी नुसत्या टाळ्या उरतात. गाणं थांबलं की मी घड्याळ लावते. तिथून पुढची मिनिटं मोजायची. ही रीत आता त्यांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की कुणी मधेच तान घेतली की बाजूची तिला सांगते, "हजी गाय छे? जोर कर!" अजून गातेस? जोर लाव!

अनवाणी नाचण्याचा प्रश्न मात्र बरेच दिवस सुटत नव्हता. सभागृहाची जमीन कडक, वजन टाचेवर, आणि पन्नाशीतल्या टाचा दुखायला वेळ लागत नाही. बूट घालून देवीभोवती कसं नाचायचं? त्यावर तोडगा एका वयस्कर मासींनी काढला: मधे गरबो म्हणजे दिव्याचा घट ठेवायचा नाही, तसबीर ठेवायची नाही, म्हणजे ही फक्त कसरत. नवरात्रात अनवाणी, बाकी वर्षभर बूट. मी हा नियम सुचवला असता तर तो कुणी मानला नसता, आणि ते योग्यच झालं असतं.

नवरात्राआधीचे दोन आठवडे मी वेगळ्याच कामाला लावते. ज्यांना मधुमेह झालेला आहे आणि ग्लिक्लाझाइडसारखी गोळी चालू आहे, त्यांनी दिवसभर उपवास करून रात्री तीन तास गरबा खेळला तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. त्या प्रत्येकीला मी आपल्या डॉक्टरांकडे किंवा फार्मासिस्टकडे पाठवते. उपवास सोडा, असं मी सांगत नाही. गोळीची वेळ आणि मात्रा विचारून या, पर्समध्ये ग्लुकोजच्या गोळ्या ठेवा, घाम फुटून हात थरथरले तर थांबा आणि खा, इतकं सांगते.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती प्रस्तावांमध्ये कधी वाचायला मिळत नाही. गरब्याचा वेग वाढला, उड्या आल्या की काही जणी वर्तुळातून बाजूला होत. कारण विचारलं की "घुटण दुखे छे." गुडघे तपासले तर त्यात विशेष काही सापडत नसे. वर्ग संपल्यावर, सगळ्या गेल्यावर, एकीने दार लोटलं आणि खालच्या आवाजात सांगितलं की उडी मारली की लघवी सुटते. तिसऱ्या बाळंतपणापासून हे चालू होतं. नवऱ्याला माहीत नाही, डॉक्टरांना सांगितलेलं नाही. कारखान्यात ती पाणी पीत नाही, कारण पट्ट्यावरून सारखं उठता येत नाही. देवळात जाताना पॅड लावते, आणि मनातून आपण अशुद्ध आहोत असं मानते. तिच्यानंतर मी प्रत्येक नवीन बाईला एकटीला बसवून हा प्रश्न सरळ विचारायला लागले, आणि होकार इतक्या जणींकडून आला की वर्गाची मांडणीच बदलली.

हा त्रास या वयात फार बायकांना असतो, आणि यावर उपाय आहे. लघवी रोखून धरणारे कटितळाचे स्नायू व्यायामाने सुधारतात. ब्रिटनमधली शिफारस अशी आहे: किमान ३ महिने, दिवसातून ३ वेळा, दर वेळी निदान ८ आकुंचनं, आणि सुरुवातीला जाणकाराच्या देखरेखीखाली. चुकीचे स्नायू आवळून काही उपयोग नाही. कित्येक जणी श्वास रोखून पोट आत घेतात आणि तेच करतोय असं समजतात. खोकण्याआधी, शिंकण्याआधी, पिठाची गोणी उचलण्याआधी ते स्नायू आवळायची सवय लावली तर फरक लवकर जाणवतो. आता वर्गाची पहिली दहा मिनिटं जमिनीवर, गुडघे वाकवून, याच व्यायामाची असतात. सगळ्याच करतात, त्यामुळे त्रास कुणाला आहे आणि कुणाला नाही हे कळत नाही. पहिले तीन महिने उड्या नाहीत. वेग वाढवायचा तो वाकण्याने, गिरकीने, लांब पावलांनी.

मधुमेह टाळण्याच्या कार्यक्रमात हे कशाला, असं मला एका बैठकीत विचारलं गेलं. ज्या बाईला व्यायामाने कपडे ओले होण्याची भीती आहे, ती व्यायाम सोडणार. तिची साखर वाढणार. यापेक्षा थेट कारण मला माहीत नाही. आणि समजा साखरेशी याचा काडीचा संबंध नसता, तरी एक बाई वीस वर्षं पाणी प्यायला घाबरते, एवढं कारण मला पुरलं असतं.

ताकदीचे व्यायाम पटवायला जास्त वेळ लागतो. 'दंड पुरुषासारखे होतील' ही भीती आहेच. त्यापेक्षा मोठी समजूत अशी की वय झालं, आता जड उचलू नये. म्हणून मी आधी एक चाचणी घेते: खुर्चीतून हात न टेकता उठायचं, बसायचं, अर्ध्या मिनिटात किती वेळा जमतं ते मोजायचं. मग जमिनीवर मांडी घालून बसायचं आणि आधार न घेता उठायचं. दुसरी चाचणी सगळ्यांना मनापासून पटते, कारण देवळात, कथेला, लग्नात जमिनीवर बसता येत नाही म्हणून मागे खुर्चीवर बसावं लागतं, याचं दुःख त्यांना साखरेच्या आकड्यापेक्षा जास्त असतं. रबराचे पट्टे, भिंतीवरचे दंड, दहा किलो पिठाची पिशवी जमिनीवरून नीट उचलणं, जिने चढणं, यातून काम होतं. खांदा आखडलेल्या बऱ्याच जणी येतात; वेणी घालता येत नाही, हुक मागे लावता येत नाहीत. मधुमेहात खांदा असा धरण्याचं प्रमाण अधिक आहे, त्यामुळे खांदा घेऊन आलेल्या बाईची साखर तपासली आहे की नाही, हे मी नेहमी विचारते. अंग दुखण्याची तक्रार सगळीकडेच असते. त्यातलं काही ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेचं निघतं. सावळ्या कातडीच्या आणि अंग झाकून वावरणाऱ्या लोकांनी ब्रिटनमध्ये वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅम घ्यावं, अशी सरकारी शिफारस आहे. ती अजून कितीतरी घरांत पोचलेली नाही.

शहराच्या हायफील्ड्स भागातला गट वेगळा आहे. तिथल्या बऱ्याचशा बायका भरूच-सुरतकडच्या मुसलमान. भाषा तीच गुजराती, पण काहींना संगीत चालत नाही. तिथे गाणं नाही, गरबा नाही. टाळ्या, पावलं आणि आकडे मोजणं यांवर वर्ग चालतो. रमजानमध्ये वेळ बदलते, जोर कमी होतो. ताकदीच्या व्यायामात हा गट बेलग्रेव्हच्या पुढे आहे. आशियाई बाई म्हटलं की सिनेमाचा नाच, असं गृहीत धरणाऱ्यांना मी या वर्गाला आणून बसवते.

आणि आपल्या मराठी बायका? त्या इथे थोड्या, बहुतेक आयटीतल्या नोकऱ्यांमुळे आलेल्या कुटुंबांतल्या. श्रावणात जमल्या की मंगळागौरीचे खेळ होतात. बसफुगडी म्हणजे खोल उकिडवं बसून मांड्यांना लावलेलं कामच. झिम्म्याला दमसास लागतो, सूप नाचवताना खांदा आणि मनगट फिरतं. वर्षातून एकदा, पैठणी नेसून आणि फोटोसाठी, अशी या खेळांची आज गत झाली आहे, याचं मला वाईट वाटतं. त्यातल्या काही जणींनी महिन्यातून दोनदा सलवार-कमीज घालून खेळायला सुरुवात केली आहे. फुगडीच्या गिरकीआधी मान आणि गुडघे मोकळे करायचे आणि बसफुगडीला आधी उकिडवं बसण्याची सवय करायची, एवढाच माझा त्यात हात.

हे सगळं करून आकडे सुधारतात का? प्रामाणिक उत्तर सरळ रेषेतलं नाही. २००६ मध्ये चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी दाखवलं की आहार आणि व्यायाम बदलल्याने उंबरठ्यावरच्या भारतीयांमध्ये मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, आणि तेही वजन फारसं न उतरता. काटा हलला नाही म्हणून रडवेल्या होणाऱ्या बायकांना मी हे आवर्जून सांगते. याउलट शिकागोत दक्षिण आशियाई लोकांसाठी खास बेतलेला 'सहेली' नावाचा कार्यक्रम झाला. डॉ. नम्रता कांडुला यांच्या नेतृत्वाखाली, ५४९ जणांवर, गटाने शिकवण्याचे १६ आठवडे. २०२४ मध्ये निकाल आला: वजन, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल यांत, नुसती माहितीपत्रकं मिळालेल्या लोकांपेक्षा ठळक फरक दिसला नाही. माझ्या काही सहकाऱ्यांनी यावरून 'संस्कृतीचं हे खूळ सोडा' असा अर्थ काढला. मला तो निकाल वेगळा वाचावासा वाटतो. आपलेपणा बाईला दारातून आत आणतो. आत आल्यावर तिच्या स्नायूंना आणि हृदयाला पुरेसं काम मिळतं का, किती महिने मिळतं, आणि ते काम दर महिन्याला वाढतं का, हे वेगळंच गणित आहे. शिकागोचा तो निकाल वाचल्यापासून मी दर तिमाहीला प्रत्येकीच्या उठाबशा, पकडीची ताकद आणि गाणं थांबल्यानंतरची मिनिटं लिहून ठेवते. ती वाढत नसतील तर वर्ग कितीही रंगलेला असो, आराखडा बदलायला हवा.

बारा आठवड्यांचे प्रकल्प हे या कामातलं सगळ्यात मोठं नुकसान आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे येतात, बायका जमतात, कटितळाचे व्यायाम अंगी लागू लागतात आणि मार्चअखेर सभागृहाचं भाडं बंद होतं. यावर आम्ही शोधलेला मार्ग म्हणजे वर्गातल्याच काही जणींनी व्यायाम-प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम करावा. एक पॅकिंगला जाणारी आहे, एक शाळेत जेवण वाढणारी, एक नुकतीच आजी झालेली. इंग्रजीतली परीक्षा त्यांना जड जाते, म्हणून रविवारी माझ्या स्वयंपाकघरात आम्ही स्नायूंची नावं गुजरातीतून समजून घेतो आणि इंग्रजीतून पाठ करतो. प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र तिघींनाही मिळालं आहे. विम्याची व्यवस्था झाली की एप्रिलपासून बेलग्रेव्हचा तीनचा वर्ग त्या चालवतील, आणि मला रात्रपाळी करून सकाळी सहाला सुटणाऱ्या बायकांसाठी सातचा वर्ग सुरू करता येईल. त्यांच्यासाठी आजवर कुणीच वेळ काढलेला नाही. त्या वेळी सभागृह उघडायला माणूस हवा, तेवढी मागणी नगरपालिकेकडे गेली आहे.